बिनखुणेच्या शेळ्या

बीड,
५ जुलै २०१८

ती. गहिनीनाथ मामांना मनकर्णाचा नमस्कार.

फोनवर मी सगळं सांगितलं होतं. पण तुमचं म्हणणं असं की सरकारी गोष्ट कागदावर आल्याशिवाय तुमच्या डोक्यात शिरत नाही आणि कंपनीच्या फायलीतही बसत नाही. म्हणून हे पत्र. ऑफिसात कंपन्यांची कागदपत्रं बाजूला सारून हाताने लिहीत बसलेली पाहून सुंदरराव सर दोनदा डोकावून गेले. त्यांना वाटलं मी राजीनामाच लिहितेय.

तर गोष्ट अशी. दिल्लीहून नवा नियम निघाला आहे. कंपनीच्या भागावर, म्हणजे शेअरवर, नाव एकाचं असतं आणि त्याच्या आडून खरा मालक दुसराच असतो, असले प्रकार देशात फार झाले म्हणे. तेव्हा प्रत्येक कंपनीने आपल्या भागांच्या मागचा खरा मालक शोधायचा, त्याच्याकडून लिहून घ्यायचं आणि सरकारला कळवायचं. नाही कळवलं तर दंड आहे, आणि दंडाचा आकडा वाचून सरांनी चष्मा काढून पुसला.

हा नियम मोठमोठ्या कारखानदारांसाठी आहे की तुमच्या शेळीपालक उत्पादक कंपनीलाही लागू आहे, हे कुठेच धड लिहिलेलं नाही. मी तीनदा वाचला. सर म्हणतात, "नाही म्हटलेलं नाही ना? मग आहे असं धरायचं." तुम्ही अध्यक्ष. तुमच्या एकशे बारा सभासदांना एवढंच विचारा की तुमच्या नावच्या भागामागे दुसरं कोणी आहे का. सगळे "नाही" म्हणतील. तेवढं हरिबाकाकांकडून लिहून घ्या आणि पाठवा. आठ दिवसांचं काम आहे.

मामीला नमस्कार. आई उमापूरला बरी आहे. पाऊस अजून नाही.

तुमची,
मनकर्णा

•

हिवरवाडी, ता. धारूर
१९ जुलै २०१८

चि. मनकर्णा हिला अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी आधी एकट्याने वाचलं, मग हरिबाला वाचून दाखवलं. हरिबा आपल्या कंपनीचा चिटणीस असला तरी कान त्याचे अध्यक्षाचे आहेत, म्हणजे त्याला सोयीचं तेवढंच ऐकू येतं. त्याने "आठ दिवसांचं काम" एवढं ऐकलं आणि घरी गेला.

पण मला तुझा नियम पटला. खरंच पटला. दिल्लीत कोणीतरी शहाणा माणूस बसलेला दिसतो. आता मला सांग, आपण भाग कसे दिले होते? पाच शेळ्यांमागे एक भाग. म्हणजे भागाच्या मागे शेळी आली. आणि शेळीच्या मागे कोण, हे तू विसरलीस, कारण तू बीडला राहून पंख्याखाली बसतेस. इथे शेळी एकाच्या दाव्याला असते आणि मालकी भलत्याचीच. लेक सासरी जाताना तिला पाठ द्यायची, म्हणजे शेळीचं मादी करडू. ते सासरी कुठे नेणार? ते माहेरच्याच कळपात राहतं, आणि त्याचा वेल वाढेल तो लेकीचा. कोणी बाई एकटी असेल तर ती आपली शेळी दुसऱ्याकडे अर्धलीने ठेवते, होणारी करडं निम्मी निम्मी. हे सगळं कुठल्या वहीत नाही, ते शेळीच्या कानात आहे. लेकीच्या शेळीला उजव्या कानाला चीर, बहिणीच्या शेळीच्या डाव्या कानाचं टोक कापलेलं, अशी प्रत्येक घराची खूण ठरलेली. कान सबंध असेल ती राखणाऱ्याची स्वतःची.

तेव्हा "नाही" असं लिहून देणं म्हणजे सरकारशी खोटं बोलणं झालं. मी वही घेऊन दारोदार जातो आणि कान बघतो. बद्रीनाथलाही कळू दे की आमची कंपनी किती चोख आहे. हा बद्रीनाथ धारूरच्या बाजारातला व्यापारी, नजरेनं शेळी तोलणारा. मागच्या साली आपल्या कंपनीत शिरू बघत होता. मी त्याला भर सभेत म्हणालो होतो, "तुझ्या शेळ्या कुठं हायत बे? ज्याच्या शेळ्या त्याची कंपनी." तेव्हापासून तो मला रामराम घालत नाही, आणि माझं त्यावाचून काही अडलेलं नाही.

तुझा मामा,
गहिनीनाथ

•

बीड,
११ सप्टेंबर २०१८

ती. मामांना नमस्कार.

मामा, थांबा! काल सरकारने कळवलं की तो फॉर्मच बदलणार आहे. नवा येईपर्यंत कोणी काही भरायचं नाही. सर म्हणतात, हातातलं काम खाली ठेवा. त्यांनी स्वतः तर आनंदाने दोन चहा मागवले.

आणि दुसरं म्हणजे, शेळ्यांचा काही संबंध नाही हो! नियम भागांबद्दल आहे. तुमचं पत्र सरांना वाचून दाखवलं तेव्हा ते इतके हसले की त्यांचा पानाचा डबा खाली पडला. मग मात्र डबा उचलता उचलता म्हणाले, "तसं बघितलं तर मामा चूक नाहीत. पाच शेळ्यांवर भाग दिला असेल आणि शेळी परक्याची असेल, तर त्या भागाचा फायदा कोणाचा?" मग त्यांनी कायद्याचं पुस्तक काढलं, मिटलं, पुन्हा काढलं. संध्याकाळपर्यंत त्यांचं मत तीन वेळा बदललं.

तेव्हा तुम्ही वहीचं काम सुरू केलं नसेल तर करूच नका.

तिकडे पाण्याचं कसं आहे? बीडला आठ दिवसांनी नळ येतो.

मनकर्णा

•

हिवरवाडी,
२४ सप्टेंबर २०१८

चि. मनकर्णा,

तुझं "थांबा" पोचलं तेव्हा माझ्या वहीची दोनशे पानं भरली होती. सरकारचं बरं आहे, आज सांगतं पळा, उद्या सांगतं बसा. इथे मी डोंगर चढून-उतरून चपला झिजवल्या त्या कोणत्या फॉर्ममध्ये भरू?

पण पोरी, मजा लई आली. एकशे बारापैकी एकशे अकरा घरं झाली. असे कान कोणी बघितले नसतील. बंकटच्या कळपातल्या निम्म्या शेळ्या त्याच्या सासूच्या निघाल्या. पंधरा वर्षांमागे तिने एक पाठ लेकीबरोबर पाठवली होती, तिचा हा वेल. बंकट गावभर सासूच्या नावाने बोटं मोडतो आणि रोज सकाळी तिच्याच शेळ्या चारायला नेतो! मी हे सांगितलं तर म्हणाला, "अध्यक्ष, हे वहीत लिवू नका. म्हातारी वाचायला येईल." म्हातारी आलीच. चौथ्या दिवशी पिशवी घेऊन आली, शेळ्या बघितल्या, जावयाच्या पाठीवरून हात फिरवला. आता बंकट तिला माय म्हणतो.

असं घरोघर झालं. बाहेरगावी दिलेल्या पोरींना फोन गेले की तुमच्या शेळ्या वहीत चढताहेत. एकेकीचे हिशेब विचारणारे फोन आले. काही घरांत दोन दिवस भांडणं झाली, हे खोटं का बोलू. पण एकानेही शेळी नाकारली नाही. कान कातरलेला असला की माणूस काय बोलणार.

आता तुझ्या कामाचं. माझ्या कळपात अकरा शेळ्या तुझ्या आहेत.

तू एक वर्षाची असताना तुझे कान टोचले, तू माझ्या मांडीवर होतीस आणि सगळ्या वाडीला ऐकू जाईल असं रडत होतीस. त्याच दिवशी मी तुला एक पाठ दिली आणि तिचाही कान कातरला. ती निमूट उभी राहिली, तुझ्यापेक्षा शहाणी होती. या तिच्या पणत्या-खापरपणत्या. तुझ्या कॉलेजाला आणि नंतर त्या क्लासला मी पैसे पाठवायचो, ते तुझ्याच बोकडांचे होते. मी माझ्या खिशातून एक पैसा दिलेला नाही, तेव्हा उगीच मामाचे उपकार मामाचे उपकार करत जाऊ नकोस.

पाऊस नाही. टँकर चौथ्या दिवशी येतो. पण आपण उन्हाळ्यात बाभळीच्या शेंगा गोळा करून कंपनीच्या शेडमध्ये भरल्यात, तेवढ्यावर शेळ्या तरून जातील.

गहिनीनाथ

•

बीड,
५ ऑक्टोबर २०१८

ती. मामा,

तुमचं पत्र वाचून मला ऑफिसात रडू आलं, आणि सरांना वाटलं दंडाची नोटीस आली.

मी आईला फोन केला. तिला सगळं ठाऊक होतं! म्हणाली, "मामाकडची शेळी बोलून दाखवायची नसती. ती वाढती का एवढं बघायचं." पंचवीस वर्षं मी अकरा शेळ्यांची मालकीण आहे आणि मला पत्ता नाही. मी सगळ्या मैत्रिणींना सांगत आले की मला मामांनी शिकवलं. आणि मामा, तुम्ही काहीही म्हणा, मी पुढेही तेच सांगणार. पंचवीस वर्षं त्यांच्यामागे डोंगरात कोण हिंडलं?

सरांना सांगितलं तर ते खुर्चीत सरळ झाले. "म्हणजे या फायलीत तुझा हितसंबंध आहे! कंपनीच्या अध्यक्षाच्या भागामागची खरी मालकीण माझ्याच ऑफिसात बसून फाईल बघते?" मग त्यांनी जुना फॉर्म काढून माझ्याचकडून भरून घेतला, सरावासाठी. बीड जिल्ह्यात तो फॉर्म भरणारी मी बहुधा पहिलीच असेन. "हितसंबंधाचं स्वरूप" या रकान्यात मी "कान टोचले तेव्हा" असं लिहिलं. सरांनी ते खोडलं.

एक विचारायचं राहिलं. तुमच्या यादीत एकशे अकरा घरं आहेत. राहिलेलं एक तुमचं. माझ्या अकरा सोडून बाकीच्यांचं काय? तुमच्या स्वतःच्या किती?

मनकर्णा

•

बीड,
२० डिसेंबर २०१८

ती. मामा,

दोन पत्रं पाठवली, उत्तर नाही. फोन केला तर मामी म्हणते, शेळ्यांमागे गेलेत. रोज? मी काही चुकीचं विचारलं का? नवा फॉर्म अजून आलेला नाही, तेव्हा यादीची घाई नाही. दोन ओळी लिहा फक्त.

मनकर्णा

•

हिवरवाडी
६ जानेवारी २०१९

चि. मनकर्णास छबुमामीचा आशीर्वाद.

मी लिवायला रातशाळेत शिकले ते आज कामाला आलं. अक्षर बघून हासू नको.

तुजा मामा तुज्यावर रुसला न्हाई. सवताच्या जिवावर रुसला हाय. समद्या गावाचे कान बघून झाले मंग आपल्या कळपाकडं वळला. सकाळी दारात बसला, एकेक शेळी म्होरं घेतली, कान धरला, बघितला, सोडली. चौतीस शेळ्या. तुज्या अकरा. तुज्या आईच्या सहा. आमच्या लेकीच्या, भामाच्या नऊ. बायनाबाईच्या अर्धलीनं आठ. झाल्या चौतीस. सबंद कानाची एक बी न्हाई बाई. परत मोजल्या. परत तेच.

मी म्हणलं, आवो कावून तोंड पाडता, इसरलात का. ज्या साली पाणी न्हवतं त्या साली तुमी चार इकल्या. मंग भामाचं बाळातपण आलं तवा दोन इकल्या. मंग परत दुस्काळ आला, परत इकल्या. दरवेळी सबंद कानाचीच धरली. मी एकदा म्हणलं व्हतं का सारख्या आपल्याच कावून इकता, तर म्हणाले, लोकाची अमानत हाय, ती कशी इकायची. आन असं करत करत आपल्या सरल्या आन ह्यांना कळलंच न्हाई. रोज चौतीस हाकायच्या, चौतीस आणायच्या, मानसाला वाटतं आपल्याच हायत.

आता म्हणतात, ज्याच्या शेळ्या त्याची कंपनी हे मीच बोललो, आता मला कंपनीत ऱ्हायचा हाक न्हाई. राजीनामा लिवून ठिवलाय. आठ वर्सं ह्या मानसानं घरोघर फिरून ती कंपनी उभी केली. जेवण लागत न्हाई. कुणी अध्यक्ष म्हणून हाळी दिली तर ओ देत न्हाईत.

तू शिकलेली हायस. कायतरी कर. मी लिवलं हे सांगू नको.

छबुबाई

•

बीड,
२० फेब्रुवारी २०१९

ती. मामांना नमस्कार.

नवा नियम आला. सरांनी तो अथपासून इतिपर्यंत वाचला आणि म्हणाले की कमीत कमी दहावा हिस्सा ज्याच्या ताब्यात आहे त्याचाच शोध घ्यायचा आहे. तुमच्या एकशे बारा सभासदांत दहावा हिस्सा कोणाचाच नाही. म्हणजे आपल्याला काहीही कळवायचं नाही. पहिल्या दिवसापासूनच बहुधा नव्हतं. "बहुधा" हा शब्द सरांचा आहे, ते त्याच्यावाचून वाक्य पुरं करत नाहीत. तेव्हा वही मिटा.

आणि मामा, मला कळलं आहे. कसं ते विचारू नका. तुमचा राजीनामा असेल तिथे असू द्या, हरिबाकाकांच्या हाती देऊ नका. त्या अकरातल्या पाच शेळ्या मी तुम्हाला देते. तुमचा एक भाग पुरा झाला, प्रश्न मिटला. मी रीतसर कागद करून सोबत जोडला आहे. फक्त सही करायची आहे.

मनकर्णा

•

हिवरवाडी,
९ मार्च २०१९

चि. मनकर्णा,

कसं कळलं ते विचारत नाही. तुझ्या मामीच्या बोटाला शाई कशाने लागली होती तेही मी विचारलं नव्हतं.

तुझा कागद परत पाठवतो. बीडला राहून रीतभात विसरलीस की काय? भाचीकडून मामा घेत नसतो. भाचीला द्यायचं असतं. तुझ्या पाच शेळ्या घेऊन मी कंपनीत बसलो तर तुझी आई उमापूरहून चालत येईल आणि माझेच कान कातरेल. पण तुझं मन कळलं. ते वाचून बरं वाटलं, खोटं सांगत नाही.

आता ऐक. सरकारचा फॉर्म मिटला, माझा प्रश्न मिटला नाही. माझ्या तोंडून वाक्य गेलंय, आणि बद्रीनाथने ते जपून ठेवलंय. कानाची बातमी बाजारात जायची तशी गेली. परवा तो हरिबाकडे अर्ज घेऊन आला. त्याच्या साठ शेळ्या आहेत. आठ घरांत अर्धलीने ठेवल्यात, एकही दिवस राखलेल्या नाहीत. त्याचं म्हणणं, "ज्याच्या शेळ्या त्याची कंपनी ना? ह्या माझ्या साठ. मला बारा भाग द्या. आन अध्यक्षाच्या किती त्या बी वहीत लिवा." बोलला ते नियमाला धरून आहे. माझ्याच नियमाला. त्या हिशेबाने तो आत आणि मी बाहेर. बाहेर जायचं दुःख आहेच, पण तो आत आला की शेळ्या पुन्हा नजरेनं तोलल्या जाणार, आणि ज्या बायांनी कधी नव्हे ते कंपनीच्या काट्यावर वजन बघितलं त्या पुन्हा तो म्हणेल तो भाव घेणार.

सात एप्रिलला सभा आहे. तुझ्या सरांना विचार आणि लेखी पाठव. उत्पादक कोण? ज्याची शेळी तो, का जो राखतो तो? "बहुधा" न लिहिता सांगितलं तर उपकार होतील.

गहिनीनाथ

•

बीड,
२९ मार्च २०१९

ती. मामा,

सरांची दोन पानं सोबत आहेत. तुम्हाला वेळ नसेल म्हणून थोडक्यात सांगते. कायद्यात लिहिलंय की जो उत्पादनाशी निगडित काम करतो तो उत्पादक. राखणं हे काम आहेच, तेव्हा तुम्ही बाहेर नाही. शेळी स्वतःची हवी, असं तुमच्या कंपनीच्या नियमावलीत एका अक्षरानेही नाही. मी शोधलं. ते तुम्ही रागाच्या भरात बोललात एवढंच आहे.

पण बद्रीनाथ बाहेर आहे का, यावर सर पहिल्या पानावर "नाही" म्हणतात आणि दुसऱ्या पानावर "होय". शेवटी लिहिलंय, "सभासद कोणाला म्हणावे हे सभेने आपल्या नियमात स्पष्ट करावे." मी म्हटलं, सर, हे दोन पानं न लिहिताही सांगता आलं असतं. ते म्हणाले, मग फी कशाची घ्यायची? घेतली नाहीत मात्र.

मामा, राजीनामा खिशात घेऊन सभेला जाऊ नका. कानांचं सगळ्यांसमोर तुम्ही स्वतःच सांगा. दुसऱ्या कोणाच्या तोंडून निघण्याआधी सांगा.

मनकर्णा

•

हिवरवाडी,
१० एप्रिल २०१९

चि. मनकर्णा हिला अनेक उत्तम आशीर्वाद.

सभा झाली. हरिबाने इतिवृत्त लिहिलंय, पण त्यात मजेची गोष्ट एकही नाही, म्हणून मी लिहितो.

शंभराच्या वर माणूस जमला. एवढी माणसं कधी आली नव्हती. सभासद होतेच, शिवाय कानांच्या मालकिणी आल्या. लेकी, बहिणी, बंकटची सासू, सगळ्या. तुझी आईही आली, उमापूरहून दोन एसट्या बदलून. त्यांना मत नव्हतं, पण बसायला कोण अडवणार? शेंगांच्या शेडमध्ये सावली तेवढी होती, तिथे दाटीवाटीने बसलो. टँकरचा दिवस असून एकही बाई रांगेला गेली नाही, घागरी ठेवून आल्या.

तू सांगितलंस तसं मीच आधी उठलो. म्हणालो, "आजच्या तारखेला माझ्या कळपात चौतीस शेळ्या हायत आन त्यातली एक बी माझी न्हाई. ज्याच्या शेळ्या त्याची कंपनी, हे मी बद्रीनाथला बोललो व्हतो. ते मलाच लागू हाय. आता तुमी ठरवा." मी तुझं ऐकलं नव्हतं, राजीनामा खिशात होता. हात खिशावरच होता.

मग बद्रीनाथ उठला. लई गोड बोलला. "अध्यक्ष खरं बोलले. माझी काय दुस्मनी न्हाई. मालक तो मालक, राखणारा तो राखणारा. साठ शेळ्या हायत माझ्या, कागद हाय."

तेव्हा बायनाबाई उठली. तिच्या आठ शेळ्या माझ्याकडे असतात आणि पाच तिच्या दारात, तेवढ्यावर ती सभासद आहे. सभेत ती कधी तोंड उघडत नाही. पदर सावरून बद्रीनाथला म्हणाली, "दादा, तुझ्या साठातल्या गाभण किती हायत?"

बद्रीनाथ म्हणाला, "असतील की इस-पंचीस."

"कोणती कवा व्येती?"

"ते मला कावून इचारती? ज्यांच्याकडं हायत त्यांना इचार."

"मंग आता अध्यक्षाला इचारते. माझ्या आठातल्या?"

मला काही सभेचं भान राहिलं नाही. शेळ्यांचं विचारलं तर मी बोलणारच. म्हणालो, "तुझी कबरी ह्या अमुशाच्या आत व्येती, दोन देईल, पोट खाली आलंय. तांबडीला अजून म्हयना हाय. बांडीनं मागल्या येळी करडू टाकलं म्हणून तिला यंदा डोंगर चढू दिला न्हाई, खालीच चारतो. शिंगमोडीचा पाय आता भरला..." आठही सांगितल्या. मग मागून तुझी आई म्हणाली, "माझ्या?" तिच्या सहा सांगितल्या. भामाने विचारलं, तिच्या नऊ सांगितल्या. तू नव्हतीस तरी तुझ्या अकरा सांगितल्या. चौतीस झाल्या तेव्हा कळलं की हरिबा लिहायचं सोडून माझ्याकडे बघतोय.

बायनाबाई म्हणाली, "झालं माझं," आणि खाली बसली.

मत टाकलं. जो रोज राखतो तो सभासद, शेळी कोणाची का असेना, हा नियम. आलेल्या सगळ्यांचे हात वर. सभासद नसलेल्या बायांनीही हात वर केले, हरिबाला ते वेगळे काढताना घाम फुटला. मग दुसरा ठराव बंकटने मांडला, सासूच्या डोळ्यांदेखत, की ज्यांच्या शेळ्या आहेत त्यांची नावंही वहीत कायमची राहावीत आणि विकताना मालकिणीला विचारल्याशिवाय काट्यावर चढवायची नाही. तोही पास. सरकारने नको म्हटलेली माझी वही आता आपल्या नियमात आली. सरांना सांग, दिल्लीने मुदत कितीही वाढवो, आम्ही भरून मोकळे झालो.

बद्रीनाथची आठ अर्धलीवाली घरं होती ना, ती आठही जागच्या जागी सभासद झाली. त्याच्या शेळ्याही आता काट्यावरच चढणार. तो निघाला तेव्हा मी शेडच्या दारापर्यंत गेलो. म्हणालो, "बद्रीनाथ, एक वरीस राख, मंग तुला बी घेतो." त्याला राग यायला पाहिजे होता, पण हसला. म्हणाला, "मला गुडघे असते तर आलो असतो बे." आणि जाताना रामराम घातला.

राजीनामा तुझ्या मामीने खिशातून काढून घेतला आणि चुलीत घातला. चहा झाला त्यावर. शेंगा अजून दीड महिना पुरतील, काळजी करू नको.

सभा उठल्यावर हरिबाने नवी वही उघडली. पहिलं पान माझं. रकाने दोन आहेत, "राखतो" आणि "स्वतःच्या". पहिल्यात त्याने चौतीस लिहिलं. दुसऱ्यापाशी त्याचा हात अडला. माझ्याकडे बघून म्हणाला, "इथं मोकळंच सोडू का अध्यक्ष?" मी त्याच्या हातातून पेन घेतलं, त्या रकान्यात चांगलं ठळक शून्य काढलं, आणि त्याच्यासमोर माझी पूर्ण सही केली.

तुझा मामा,
गहिनीनाथ